बावन्नाव्या वर्षी उमेदवारी : एअरबीएनबीतील चिप कॉनली यांचे प्रकरण

वयाने मोठा माणूस पोरासोरांच्या कार्यालयात नोकरीला लागतो, पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या थट्टेचा विषय होतो आणि शेवटी त्याच्यावाचून कुणाचे पान हलत नाही, ही गोष्ट पडद्यावर हमखास चालते. २०१५ साली हॉलिवूडमध्ये आलेल्या अशाच एका हलक्याफुलक्या विनोदी चित्रपटात सत्तरीचा विधुर न्यूयॉर्कमधील ऑनलाइन कपडे विकणाऱ्या कंपनीत इंटर्न, म्हणजे शिकाऊ उमेदवार, म्हणून रुजू होतो. त्याच्या दोन वर्षे आधी, २०१३ च्या सुरुवातीला, देशाच्या दुसऱ्या टोकाला सॅन फ्रान्सिस्कोत जवळपास हेच कथानक प्रत्यक्षात सुरू झाले होते. त्यातला नायक सत्तरीचा नव्हता, पण त्या इमारतीच्या मानाने म्हाताराच होता. चिप कॉनली, वय ५२, लोकांची राहती घरे प्रवाशांना मुक्कामासाठी इंटरनेटवरून भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या कंपनीत जागतिक आदरातिथ्य आणि धोरण विभागाचे प्रमुख म्हणून दाखल झाले, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांचे सरासरी वय त्यांच्या वयाच्या निम्मे होते. आणि ज्यांच्या हाताखाली त्यांना काम करायचे होते ते मुख्य कार्यकारी अधिकारी ब्रायन चेस्की त्यांच्याहून २१ वर्षांनी लहान होते.

या प्रकरणाला 'अनुभवाचे मोल' असा मथळा देऊन मोकळे होण्याचा मोह होतो. मला तो मथळा पटत नाही. कॉनली यांच्या अनुभवाचा बराचसा भाग नव्या जागी सुरुवातीलाच निरुपयोगी ठरला. तिथे प्रथम कामी आले ते त्यांचे अडाणीपण, आणि ते चारचौघांत कबूल करण्याची त्यांची तयारी. या प्रकरणातला विनोद त्या कबुलीत आहे आणि अभ्यासण्याजोगे जे काही आहे तेही तिथेच आहे.

दोन्ही बाजूंची पार्श्वभूमी

कॉनली यांचा जन्म १९६० चा. स्टॅनफर्ड विद्यापीठातून व्यवस्थापनाचे शिक्षण घेतल्यानंतर १९८७ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या टेंडरलॉइन या बदनाम वस्तीतले एक मोडकळीला आलेले मोटेल ताब्यात घेतले. तासाच्या हिशेबाने खोल्या देणारी ती जागा होती. तिचे नाव त्यांनी फिनिक्स ठेवले, आणि ज्या गल्लीत सभ्य प्रवासी टॅक्सी थांबवायला धजत नसे तिथे दौऱ्यावर निघालेले रॉक वादक आवडीने उतरू लागले. यातून 'जुआ द व्हिव्र' ही त्यांची हॉटेल कंपनी उभी राहिली. नाव फ्रेंच, अर्थ 'जगण्याचा आनंद', आणि ते धड उच्चारता येणारे गिऱ्हाईक दुर्मीळ. प्रत्येक हॉटेल कुठल्या तरी मासिकाचा वाचक डोळ्यांसमोर ठेवून सजवायचे, ही त्यांची खास पद्धत होती. पुढे या कंपनीकडे पन्नासहून अधिक हॉटेले आली आणि छोट्या, शैलीदार हॉटेलांच्या व्यवसायात ती अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकाची मानली जाऊ लागली.

नवउद्योजकांचे आदर्श म्हणून ज्यांचे फोटो छापले जातात, त्यांच्या यादीत कॉनली तरुणपणीच जाऊन बसले होते. पण २००० मध्ये डॉट-कॉम म्हणजे इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला, पुढच्याच वर्षी ११ सप्टेंबरचे हल्ले झाले, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉटेलांतल्या खोल्या रिकाम्या पडल्या. त्यातून सावरेपर्यंत २००८ ची मंदी आली. त्याच वर्षी एका भाषणानंतर व्यासपीठावरच ते कोसळले आणि त्यांचे हृदय काही क्षण बंद पडले. २०१० मध्ये त्यांनी कंपनी विकली. पन्नाशीचा, पैशाने निश्चिंत, जवळपास चोवीस वर्षे मालक म्हणून वावरलेला आणि आता सकाळी कुठे जायचे हे न कळणारा माणूस, अशी त्यांची त्यानंतरची अवस्था होती.

दुसरी बाजू अगदीच निराळी. ऑक्टोबर २००७ मध्ये चेस्की आणि जो गेबिया हे दोन बेकार डिझाइनर सॅन फ्रान्सिस्कोत भाड्याच्या घरात राहत होते आणि घरमालकाने भाडे वाढवल्यामुळे पेचात पडले होते. शहरात डिझाइन क्षेत्राची परिषद भरणार होती आणि हॉटेले भरून गेली होती, तेव्हा या दोघांनी दिवाणखान्यात हवेच्या गाद्या टाकून, सकाळच्या नाश्त्यासह, रात्रीला ८० डॉलर या दराने पाहुणे ठेवले. पहिल्या तीन पाहुण्यांत सुर्वे आडनावाचा एक भारतीय विद्यार्थी होता. म्हणजे आज जगभर पसरलेल्या या धंद्याच्या पायाच्या दगडांत एक मराठी आडनावही आहे, ही गोष्ट जाता जाता नोंदवून ठेवायला हरकत नाही. पुढच्या वर्षी नेथन ब्लेचार्झिक तिसरे भागीदार झाले, आणि पैसा संपत आला तेव्हा अध्यक्षीय निवडणुकीचा मोका साधून या मंडळींनी ओबामा आणि मॅककेन यांच्या नावांची न्याहारीची खोकी ४० डॉलरला एक या भावाने विकली. गुंतवणूकदारांनी 'परक्याच्या घरात कोण झोपायला जाणार?' असे विचारून वाटेला लावलेल्या या कंपनीचा पसारा २०१३ पर्यंत दीडशेहून अधिक देशांत पोहोचला होता.

मात्र तिच्या संस्थापकांपैकी एकानेही हॉटेलात एक दिवससुद्धा नोकरी केलेली नव्हती. संकेतस्थळ उत्तम होते, छायाचित्रे देखणी होती, पैशाचा व्यवहार चोख होता. पाहुणा दारात उभा राहिल्यावर काय व्हायला हवे, हे सांगणारा मात्र कोणी नव्हता. चेस्की यांनी कॉनली यांचे व्यवस्थापनावरचे लेखन वाचले होते, त्यामुळे त्यांनी सरळ त्यांनाच गाठले.

कॉनली यांच्या बाजूने पाहिले तर नकाराची कारणे चांगलीच भक्कम होती. त्यांनी तोवर एअरबीएनबी कधी वापरलेले नव्हते. त्यांच्या फोनवर उबरचे अ‍ॅपही नव्हते. तंत्रज्ञानाच्या कंपनीत त्यांनी कधी काम केले नव्हते आणि प्रोग्रामिंगचा त्यांना गंध नव्हता. शिवाय ज्या धंद्यात त्यांनी हयात घालवली त्याच धंद्याच्या मुळावर ही कंपनी उठली आहे, असे त्यांच्या जुन्या व्यवसायबंधूंना वाटू लागले होते. तरीही ते गेले. सुरुवातीला आठवड्याला मोजके तास सल्ला द्यायचा असे ठरले होते. थोड्याच आठवड्यांत ती पूर्ण वेळाची नोकरी झाली.

पहिली बैठक

एअरबीएनबीच्या कार्यालयातल्या बैठकीच्या खोल्या जगभरच्या खऱ्याखुऱ्या घरांच्या प्रतिकृती आहेत. कुणाचा दिवाणखाना, कुणाचे स्वयंपाकघर, त्याच्या त्याच्या फर्निचरसह उभे केलेले. हॉटेलवाल्याला अशा जागी खरे म्हणजे घरच्यासारखे वाटायला हवे. पण सुरुवातीच्याच एका तांत्रिक बैठकीत पंचविशीतल्या एका अभियंत्याने कॉनली यांच्यासमोर एक प्रश्न टाकला, आणि तो कॉनली यांनी नंतर स्वतःच अनेकदा, स्वतःवर हसत, सांगितला आहे: एखादे फीचर आपण शिप केले आणि ते कुणीच वापरले नाही, तर ते खरोखर शिप झाले असे म्हणायचे का?

हिंजवडीत किंवा बाणेरला काम करणाऱ्या वाचकाला यात काही विशेष वाटणार नाही, कारण सॉफ्टवेअरमधली नवी सोय (म्हणजे फीचर) तयार करून लोकांच्या वापरासाठी खुली केली की 'शिप केलं', 'लाइव्ह गेलं', 'प्रॉडक्शनला टाकलं' असे म्हणायचे, ही आपल्याकडेही रोजची भाषा झाली आहे. कॉनली यांच्या लेखी मात्र शिप म्हणजे जहाज, फार तर जहाजाने पाठवलेला माल. बावन्न वर्षांचा, पन्नास हॉटेले चालवलेला, व्यवस्थापनावर पुस्तके लिहिलेला माणूस त्या टेबलाशी बसून मनातल्या मनात बंदर, गोदी आणि खोकी यांची सांगड सॉफ्टवेअरशी घालत होता. इंग्रजीत 'गाळात रुतणे' या अर्थाचा एक अर्वाच्य वाक्प्रचार आहे. त्यातला शेवटचा शब्द बदलून आपण त्या दिवशी शिपमध्ये रुतलो, अशी कोटी ते या प्रसंगावर करतात.

अशा वेळी वरिष्ठ माणसाला ठरावीक मार्ग मोकळे असतात आणि ते आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या कार्यालयात पाहिलेले आहेत. एक म्हणजे गंभीर चेहऱ्याने मान डोलावणे आणि घरी जाऊन भाच्याला फोन लावणे. दुसरा मार्ग 'आमच्या वेळी' या दोन शब्दांनी सुरू होतो आणि चहा येईपर्यंत संपत नाही. सुरुवातीला कॉनली यांनीही आपली जुनी शिदोरी उघडून पाहिली असणार, कारण त्यांनाच पुढे कबूल करावे लागले की ती इथे चालत नाही. हॉटेलातल्या उत्तम प्रथांची त्यांची सगळी पोतडी खोल्या, कर्मचारी आणि इमारत स्वतःच्या ताब्यात आहेत असे गृहीत धरून भरलेली होती, आणि इथे तर कंपनीच्या मालकीची एक उशीसुद्धा नव्हती.

मग त्यांनी जे केले ते दिसायला साधे होते. त्यांनी विचारायला सुरुवात केली. हे काय असते, हे असे का करतो, आणि असे केले नाही तर काय होईल, हे प्रश्न ते बैठकीत, सगळ्यांदेखत विचारू लागले. यातली खोच अशी की त्या खोलीत हे प्रश्न पडलेले ते एकटेच असतील असे मानायचे कारण नाही. पंचविशीतल्या मुलाला 'मला हे कळले नाही' हे वाक्य महाग पडते. त्याची पत अजून बनायची असते, शेजारी बसलेला त्याच्याहून हुशार असल्याची त्याला सतत धास्ती असते, आणि वरिष्ठांना सगळे कळते असा त्याचा समज असतो. जो माणूस आधीच पन्नास हॉटेलांचा मालक होऊन गेला आहे, त्याला तेच वाक्य जवळजवळ फुकट मिळते. सगळ्यांच्या वतीने भोळा प्रश्न विचारणारा माणूस ही त्या टेबलावरची रिकामी जागा होती, आणि ती भरायला वय उपयोगी पडले. हसू झाले ते त्यांचेच झाले, पण त्यानंतर इतरांना विचारणे स्वस्त झाले.

या भूमिकेला कॉनली यांनी नावही दिले: मेंटर (मार्गदर्शक) आणि इंटर्न यांना जोडून 'मेंटर्न'. इंग्रजीतली ही कलमी जोडणी मला काही फार देखणी वाटत नाही. मराठीत त्यापेक्षा जुना आणि चांगला शब्द पडून आहे. नवा वकील ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली, नवा वैद्य जुन्या वैद्याच्या हाताखाली उमेदवारी करतो, असे आपण म्हणतो. तो शब्द आपण तरुणांसाठी राखून ठेवला आणि पुढे निवडणुकीला देऊन टाकला. कॉनली यांनी बावन्नाव्या वर्षी केली ती उमेदवारीच होती. फरक इतकाच की ज्यांच्या हाताखाली केली तेच एकेक करून त्यांच्याकडे शिकायला येऊ लागले.

देवाणघेवाण

शिकायला यायचे कारण असे की त्या कंपनीत पोरे भराभर साहेब होत होती. काल एकटा बसून प्रोग्राम लिहिणारा मुलगा आज बारा जणांच्या टीमचा प्रमुख होता, आणि त्याने आयुष्यात चांगला साहेब कसा असतो हे पाहिलेलेच नव्हते, कारण त्याची ही पहिली किंवा दुसरी नोकरी होती. कुणाला कामावरून काढायचे असेल तर ते वाक्य कसे सुरू करायचे, दोन हुशार माणसांत विस्तव जात नसेल तर कुणाशी आधी बोलायचे, संस्थापक रागावलेला असताना वाईट बातमी दुपारी सांगायची की दुसऱ्या दिवशी सकाळी, हे कुठल्या पुस्तकात शोधून सापडत नाही. कॉनली हे सगळे आधी चुका करून मग शिकलेले होते. डिजिटल जगाची समज तरुणांकडून घ्यायची आणि माणसांची समज त्यांना द्यायची, असा हा सौदा होता. बारा बलुतेदारांच्या गावात धान्य देऊन नांगराचा फाळ घ्यावा, तसा.

या सौद्यात शिस्त मात्र एक होती, आणि माझ्या मते प्रकरणातला सर्वांत शिकण्याजोगा तपशील तोच आहे. चारचौघांत शिकाऊ राहायचे आणि गुरुपण खासगीत करायचे, असा कॉनली यांचा दंडक होता. बैठकीत चेस्की किंवा दुसरा कोणी चुकीच्या वाटेने जात आहे असे दिसले, तरी तिथेच 'मी सांगतो' म्हणून पुढे सरसावायचे नाही. नंतर त्या माणसाला एकट्याला गाठून बोलायचे. आपल्याकडच्या तालमींतली एक गोष्ट सगळ्यांच्या ऐकण्यात असते: वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो, पण एक राखून ठेवतो, आणि पठ्ठ्या उलटला की भर मैदानात त्याच डावाने त्याला चीत करतो. ही गोष्ट आपण वस्तादाच्या बाजूने टाळ्या वाजवत ऐकतो. कॉनली यांनी नेमके उलटे केले. राखलेला डावही देऊन टाकला आणि तो मैदानात न दाखवता तालमीत, दार लावून दिला. एकतीस वर्षांच्या मुख्य अधिकाऱ्याला त्याच्याच माणसांसमोर बावन्न वर्षांच्या हाताखालच्याने दुरुस्त केले असते, तर सल्ला कितीही बरोबर असला तरी तो त्या दिवसापुरताच टिकला असता.

इथे एक अवांतर मुद्दा मांडायचा मोह आवरत नाही. हे सगळे इंग्रजीत घडले, याने काम बरेच सोपे झाले. तिथे चिप हा चिप आणि ब्रायन हा ब्रायन. वयातले २१ वर्षांचे अंतर सर्वनामात दिसत नाही. असाच माणूस पुण्यातल्या एखाद्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आला, तर पहिल्याच दिवशी पेच पडतो तो हाक कशी मारायची याचा. सगळे एकमेकांना नावाने आणि अरे-तुरेने बोलवत असताना एकट्यालाच 'सर' म्हटले की तो टीमच्या बाहेर गेला. 'काका' म्हटले की त्याच्याकडून कामाची अपेक्षा संपली, डब्यातल्या चटणीची सुरू झाली. आणि 'अरे' म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. 'अहो, तुम्ही ते बिल्ड परत एकदा बघता का?' या वाक्यात कामातली चूक दाखवायची आहे की प्रकृतीची चौकशी करायची आहे, हे बोलणाऱ्यालाही नीट ठाऊक नसते. त्यामुळे या प्रकरणातील 'चारचौघांत शिकाऊ' हा दंडक मराठी कार्यालयात आणायचा, तर शिकाऊ होण्याची पहिली पायरी मोठ्या माणसालाच चढावी लागेल. मला नावाने हाक मारा, हे त्यालाच सांगावे लागेल, तेही बहुधा तीन वेळा.

यजमानांचा प्रश्न

मनुष्यस्वभावाची जाण ही गोड वाटणारी गोष्ट आहे, पण कंपनी पगार देते तो कामासाठी, आणि कॉनली यांच्यासमोरचे काम अवघड होते. हॉटेलात चादर मळकी निघाली तर व्यवस्थापक हाउसकीपिंगच्या माणसाला बोलावतो. एअरबीएनबीत चादर बदलणारा माणूस कंपनीचा नोकर नाही. तो स्वतःच्या घराचा मालक आहे. त्याला पाळी लावून देता येत नाही, गणवेश घालता येत नाही, तंबी देता येत नाही. फार तर त्याचे घर यादीतून काढता येते, आणि तसे करत सुटले तर यादीच संपते. आज्ञा देण्याचा अधिकार नसताना लाखो अनोळखी माणसांकडून चांगले आदरातिथ्य करून घ्यायचे, असा हा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर ना हॉटेलवाल्याकडे तयार होते, ना अभियंत्याकडे.

जे उत्तर हळूहळू तयार झाले, त्याचे दोन भाग पाडता येतात, आणि दोन्ही भागांवर दोन्ही पिढ्यांचे ठसे आहेत. एक भाग आकड्यांचा. पाहुण्याने दिलेले तारे, यजमान किती तत्परतेने उत्तर देतो, आरक्षण किती वेळा रद्द करतो, हे सगळे संगणक मोजू शकत होता, आणि त्यावरून 'सुपरहोस्ट' हा बिल्ला द्यायची पद्धत घट्ट बसवली गेली. वर्षात किमान १० मुक्काम, ९० टक्के चौकशांना उत्तर, ८० टक्के परीक्षणांत पूर्ण पाच तारे आणि स्वतःहून एकही आरक्षण रद्द न करणे, असे तिचे निकष ठरले. दंड करता येत नसेल तर मान द्यावा, ही युक्ती हॉटेलाच्या स्वागतकक्षात लटकणाऱ्या 'महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी' या फ्रेमइतकी जुनी आहे. ती एका वेळी जगभर लागू करण्याची ताकद नवी होती.

दुसरा भाग आकड्यांत बसणारा नव्हता. यजमानांना एकत्र आणायचे, एकमेकांकडून शिकू द्यायचे, आपण एका बिरादरीचे आहोत असे त्यांना वाटू द्यायचे, हा आग्रह कॉनली यांचा. त्यातून यजमानांचे वार्षिक संमेलन सुरू झाले. पहिले नोव्हेंबर २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भरले आणि त्याला सुमारे १,५०० यजमान आले. दुसरे पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये, तेव्हा ही संख्या ५,००० च्या आसपास गेली होती. घरात पाहुण्यांची ये-जा असलेली, गप्पिष्ट, वेगवेगळ्या भाषा बोलणारी इतकी माणसे एका छताखाली आली म्हणजे ते लग्नघरच व्हायचे. पण १३ नोव्हेंबर २०१५ च्या रात्री पॅरिसवर दहशतवादी हल्ले झाले. शेवटच्या दिवसाचा कार्यक्रम रद्द झाला, आणि परक्या शहरात विखुरलेले हजारो यजमान व शेकडो सहकारी सुखरूप आहेत की नाहीत याचा शोध घेणे, एवढेच काम उरले. हलक्याफुलक्या गोष्टीत न बसणारा हा प्रसंग आहे, आणि त्यावर कुणाच्या शहाणपणाचे लेबल चिकटवणे मला बरे वाटत नाही.

तो पंचविशीतल्या अभियंत्याचा प्रश्न मात्र इथे पुन्हा भेटतो. कंपनीने आदरातिथ्याचे मापदंड ठरवले, ते नेटकेपणाने लिहून संकेतस्थळावर टाकले, आणि दूरच्या गावातल्या एखाद्या यजमानाने ते उघडूनही पाहिले नाहीत, तर ते मापदंड अस्तित्वात आहेत असे म्हणायचे का? ज्या प्रश्नावर कॉनली पहिल्या बैठकीत गारद झाले होते, तोच प्रश्न पुढे त्यांच्या विभागाचा रोजचा प्रश्न झाला. मजा अशी की हॉटेलवाला म्हणून हा प्रश्न त्यांना आयुष्यभर ठाऊकच होता. भिंतीवर लावलेली नियमावली आणि पाहुण्याच्या पलंगावरची चादर यांचा संबंध नेहमीच असतो असे नाही, हे कुठलाही हॉटेल व्यवस्थापक सांगेल. फक्त त्याला शिप म्हणतात, हे माहीत नव्हते.

हे प्रकरण कुठवर ताणावे

इथवर वाचून मन प्रसन्न झाले असेल, तर थोडे सावध व्हायला हवे. कॉनली यांनी स्वतःचे अडाणीपण इतक्या सहजतेने दाखवले, कारण ते दाखवून त्यांचे काही जाणार नव्हते. त्यांना नोकरीची गरज नव्हती, घराचे हप्ते त्यांच्या डोक्यावर नव्हते, आणि त्यांना बोलावणे खुद्द मुख्य अधिकाऱ्याकडून आले होते. सॅन फ्रान्सिस्कोच्याच एखाद्या हॉटेलात वीस वर्षे व्यवस्थापकाचे काम केलेला, ५२ वर्षांचा, सामान्य माणूस याच कंपनीत अर्ज घेऊन गेला असता, तर 'तुम्हाला कुठले अ‍ॅप वापरता येते?' या प्रश्नाला 'एकही नाही' असे हसत हसत उत्तर देण्याची चैन त्याला परवडली नसती. त्याचे ते हसू भोळेपणा ठरले नसते, नापास होण्याचे कारण ठरले असते.

आणि त्या गावचे हवापाणी काय होते, हेही विसरता येत नाही. २००७ साली, म्हणजे हवेच्या गाद्या टाकल्या गेल्या त्याच वर्षी, २२ वर्षांच्या मार्क झुकेरबर्ग यांनी स्टॅनफर्डमध्ये नवउद्योजकांच्या मेळाव्यात तरुण माणसे अधिक हुशारच असतात, अशा अर्थाचे विधान भर सभेत केले होते. तो मेळावा नव्या कंपन्यांना सुरुवातीचे भांडवल आणि मार्गदर्शन देणाऱ्या ज्या वाय कॉम्बिनेटर संस्थेचा, तिनेच पुढे एअरबीएनबीला पहिला आधार दिला. अमेरिकेत चाळिशीपुढच्या माणसाला वयावरून डावलू नये असा कायदा १९६७ पासून आहे, पण कायदा मुलाखतीच्या खोलीत बसून राहत नाही. आपल्याकडे तर राज्य सरकारी कार्यालयात ५८ व्या वर्षी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ देऊन माणसाला घरी पाठवतात, आणि सहा महिन्यांनी त्याच टेबलाची जुनी फाइल सापडत नाही म्हणून त्यालाच फोन करतात. त्या फोनला पगार नसतो.

म्हणून या प्रकरणातून उचलायचे असेल तर कॉनली यांचा स्वभाव उचलून उपयोग नाही. तो त्यांच्या बँकेतल्या शिलकीसकट येतो. उचलण्याजोगी आहे ती चेस्की यांची बाजू, जिच्याकडे ही गोष्ट सांगताना फारसे कुणी पाहत नाही. एकतीस वर्षांच्या, कौतुकात न्हालेल्या संस्थापकाने आपल्याला काय येत नाही हे ओळखले. ते येणारा माणूस आपल्याहून २१ वर्षांनी मोठा आहे, याचा संकोच बाळगला नाही. आणि त्याला नावापुरते सल्लागार मंडळावर न बसवता विभाग, माणसे आणि जबाबदारी दिली. भोळा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला कंपनीत नेमके स्थान आणि अधिकार होता, म्हणून त्याचा प्रश्न भोळा असूनही ऐकला गेला. तोच प्रश्न दारातल्या पहारेकऱ्याने विचारला असता तर हशाच झाला असता, आणि गोष्ट तिथेच संपली असती.

कॉनली यांनी सुमारे चार वर्षे हे काम पूर्ण वेळ केले. नंतर ते सल्लागार म्हणून जोडलेले राहिले, आणि डिसेंबर २०२० मध्ये कंपनीचे समभाग बाजारात आले तोवर ते तिथल्या रोजच्या धबडग्यातून बाहेर पडले होते. २०१८ मध्ये त्यांनी मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात, समुद्रकाठच्या एका गावात, आयुष्याच्या मध्यावर आलेल्या माणसांसाठी शाळा काढली. तिथे राहायला गेल्यावर त्यांनी स्वतःसाठी दोन विषय निवडले, स्पॅनिश आणि सर्फिंग. त्यातल्या दुसऱ्या विषयात साठीला टेकलेला विद्यार्थी फळीवरून पाण्यात पडतो तो सगळ्यांदेखतच पडतो, आणि फळी पुन्हा हातात देणारा बहुतेक वेळा विशीतला असतो.